कुंचल्याचं टोक कोण जुळवतं?

जलरंगाचा चांगला गोल ब्रश कोरडा असताना थोडा विस्कटलेलाच दिसतो. तो पाण्यात बुडवून एकदा झटका, शेकडो केस क्षणात एकवटतात आणि सुईइतकं बारीक टोक तयार होतं. ही किमया पाण्याची आहे. पाण्याचा पृष्ठभाग सतत आक्रसू पाहतो आणि त्या ओढीने केस एकमेकांना चिकटतात. केसांचीही साथ हवी, अर्थात. कोलिन्स्की या वीझल जातीच्या प्राण्याच्या केसांपासून केलेल्या नामांकित ब्रशचा प्रत्येक केस मध्ये जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो. कारागीर केस मुळाकडून कापतो. शेंड्याला कधीच कात्री लागत नाही, म्हणजे आपण ज्या टोकाने रेघ ओढतो ते त्या प्राण्याच्या अंगावर वाढलेलं अस्सल टोक असतं! (आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश चोरून विकले जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिलं आहे. ते ब्रश घेऊच नका. नायलॉनचे ब्रश आता सुरेख टोक धरतात.)

गंमत अशी, की जी ओढ टोक जुळवते तीच ब्रशचा घातही करते. केसांमधल्या फटींतून रंग वर चढतो आणि पत्र्याच्या नळीत, केसांच्या मुळाशी जाऊन वाळतो. तिथे साचलेला रंग केसांना फाकवतो आणि मग कितीही पाणी लावा, टोक जुळत नाही. म्हणून ब्रश नळीपर्यंत बुडवू नये. काम संपल्यावर तळहातावर सौम्य साबण घेऊन तो मुळापासून धुवावा, बोटांनी टोक सारखं करावं आणि आडवा वाळवावा. ओला ब्रश केस वर करून उभा ठेवला तर पाणी नळीत उतरतं, आतला गोंद सैल होतो, दांड्याचं लाकूड फुगतं.

धुवायची घाई किती, हे रंगावर ठरतं. जलरंग बाभळीच्या कुळातल्या झाडांच्या डिंकात कालवलेले असतात. डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे वर्षानुवर्षं वाळून पडलेली वडीही ओल्या ब्रशने जागी होते. ॲक्रिलिकचं तसं नाही. त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाणी उडताच एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतात आणि पाण्याने तो परत सुटत नाही. तिथे अर्ध्या तासाचा आळससुद्धा महागात पडतो. तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर तो आपोआप पेटू शकतो! चिंध्या पसरून वाळवा.

आता डिजिटल पेन. ग्राफिक टॅब्लेटच्या अनेक पेनांत बॅटरीच नसते, आणि मला ते कोलिन्स्कीच्या केसाइतकंच नवलाचं वाटतं. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. ती विद्युतचुंबकीय लहरी सोडते, पेनमधलं वेटोळं त्यांतून ऊर्जा घेऊन झंकारतं आणि उत्तर पाठवतं. उत्तर जिथे सर्वांत जोरकस, तिथे पेनचं टोक. हा संवाद सेकंदाला शंभराहून अधिक वेळा होतो. निब दाबली की पेनमधला संवेदक तो दाब टिपतो आणि पडद्यावरची रेघ जाड होते.

ती निब मात्र बहुधा साधी प्लास्टिकची काडी असते. खरखरीत पृष्ठभागावर घासून ती झिजते, आणि आपण पेन तिरका धरत असल्यामुळे एकाच बाजूने झिजते. तिला धार आली की ती पृष्ठभागावर ओरखडे पाडते. निब आणि पडदा यांच्यात अडकलेला धुळीचा कणही तेच करतो, म्हणून बसण्याआधी मऊ, किंचित ओलसर कापडाने पृष्ठभाग पुसावा. हा पेन टोकावर उभा ठेवू नये. त्याच्याच वजनाने संवेदक दाबलेला राहतो आणि दाब ओळखण्याची त्याची क्षमता बिघडू शकते.

आज काम सुरू करण्याआधी निबवरून बोट फिरवून पाहा. एका बाजूला कड लागत असेल तर ती लगेच बदला. नवी निब पडद्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते.