चालत्या हायब्रीड गाडीचं इंजिन अचानक गप्प झालं तर?

गेल्या दिवाळीत मामाने नवीन हायब्रीड गाडी घेतली आणि आम्हा सगळ्यांना बसवून इंदूरहून उज्जैनला निघाला. पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिनाचा आवाज एकदम बंद. मागच्या सीटवरून आजी म्हणाली, "अरे, बंद पडली का रे? नवीकोरी गाडी, आणि पहिल्याच दिवशी?" मामा हसला. "आई, बंद नाही पडली. ती अशीच असते." सिग्नल सुटला, गाडी आवाज न करता पुढे सरकली. आजीने घेतलेलं देवाचं नाव मात्र उज्जैन येईपर्यंत सोडलं नाही.

परत येताना मी मामाला सहज विचारलं, "पण ती खरंच बंद पडली, तर तुला कळणार कसं?" मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शोरूमवाल्याने हे नाही सांगितलं." म्हणून घरी आल्यावर मीच शोधायला बसले.

गप्प बसणं हा तिचा स्वभावच

हायब्रीड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. आपल्याकडे ज्यांना स्ट्राँग हायब्रीड म्हणतात, म्हणजे इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटाराचं हायब्रीड मॉडेल किंवा होंडा सिटी ई-एचईव्ही, त्या गाड्या काही अंतर नुसत्या बॅटरीवर धावतात. सिग्नलला, उतारावर, ट्रॅफिकमध्ये रांगताना इंजिन आपणहून बंद होतं आणि गरज पडली की आपणहून सुरू होतं. पेट्रोल वाचतं ते बरंचसं यामुळेच.

माइल्ड हायब्रीड वेगळी. तिची मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटीने गाडी ओढत नाही. आपल्याकडच्या अशा बहुतेक गाड्यांचं इंजिन सिग्नलला बंद झालं तर ठीक, पण साठच्या वेगात बंद झालं तर तो बिघाड समजायचा. 'हायब्रीड' हा शब्द मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांच्या जाहिरातीत असतो, त्यामुळे आपली कोणती ते मॅन्युअल उघडून एकदा बघून ठेवा. (मॅन्युअल बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पॉलिथीनच्या पिशवीतच असतं. मामाचंही होतं.)

साधी गाडी बंद पडली की आधी कान सांगतात. हायब्रीडमध्ये कानांवर भरवसा ठेवता येत नाही, डोळे वापरावे लागतात. डॅशबोर्डवर 'रेडी' असं दाखवणारा दिवा असतो. तो लागलेला आहे आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी ओढ घेते आहे, तर आवाज असो वा नसो, गाडी ठीक आहे. पण एकदम दोन-चार धोक्याचे दिवे उजळले, स्क्रीनवर हायब्रीड सिस्टीम तपासायला सांगणारा संदेश आला आणि पाय दाबूनही गाडी पुढे जाईना, तर ती खरोखर बंद पडते आहे.

टाकीत पेट्रोल आहे, मग थांबते का?

माझं शिक्षण इंग्रजी साहित्यातलं. इन्व्हर्टर म्हणजे लाइट गेली की पंखा चालवणारं खोकं, एवढीच माझी माहिती. गाडीतला इन्व्हर्टरही मुळात तेच काम करतो. बॅटरीतल्या डीसी विजेची तो मोटरला लागणारी एसी वीज करतो. फरक आहे तो ताकदीचा. टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरी सुमारे २०० व्होल्टची, आणि बूस्ट कन्व्हर्टर नावाचा भाग तो दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते, यावरून अंदाज करा. ही सगळी वीज काही छोट्या ट्रान्झिस्टरमधून जाते. साहजिकच ते तापतात.

आता मुख्य गोष्ट. टोयोटा पद्धतीच्या हायब्रीडमध्ये इंजिन आणि दोन मोटर एकाच गिअरच्या रचनेत गुंतवलेल्या असतात. इंजिन सुरू करायला वेगळा स्टार्टर नसतो, ते काम त्यातलीच एक मोटर करते. एवढंच नाही, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचायची असेल तर त्याच मोटरने जोर धरून ठेवावा लागतो. इन्व्हर्टर गेला की मोटर गेली, आणि मोटर गेली की टाकी काठोकाठ भरलेली असली तरी इंजिनाचा उपयोग नाही. सायकलची चेन निघाल्यावर पेडल कितीही मारा, तसं.

प्रियसची गोष्ट

जगातली पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली हायब्रीड कार म्हणजे प्रियस. १९९७ मध्ये ती जपानमध्ये आली. आपल्याकडे ती फारशी विकली गेली नाही, पण अमेरिकेत लाखोंनी खपली आणि हा बिघाडही आधी तिथेच गाजला.

२००५ मध्ये अमेरिकेत काही प्रियसमालकांनी तक्रार केली, की रस्त्यावर धावता धावता दिवे लागतात आणि इंजिन बंद होतं. तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेने चौकशी सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोयोटाने २००४ च्या आणि २००५ च्या सुरुवातीच्या सुमारे ७५ हजार गाड्यांच्या मालकांना सर्व्हिस सेंटरला बोलावलं. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. एकही नट-बोल्ट सैल नसताना गाडी बंद पडू शकते, ही त्या काळात लोकांना नवीन गोष्ट होती.

पुढचं प्रकरण जास्त मोठं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या सुमारे १९ लाख प्रियस जगभरातून परत बोलावल्या. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमुळे बूस्ट कन्व्हर्टरच्या ट्रान्झिस्टरवर जादा ताण येऊन ते तापत आणि खराब होऊ शकत. तसं झालं की गाडी बहुतेक वेळा 'फेल-सेफ' मोडमध्ये जाते. म्हणजे ताकद कमी होते, पण लंगडत का होईना, ती तुम्हाला रस्त्याच्या कडेपर्यंत नेते. क्वचित पूर्ण सिस्टीम बंद होऊन गाडी थांबायची. उपाय म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये नवीन सॉफ्टवेअर टाकून दिलं गेलं. २०१५ मध्ये आणखी काही हायब्रीड मॉडेलना हाच उपचार झाला.

इथे विषय संपायला हवा होता. पण २०१७ च्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियातला टोयोटाचाच एक डीलर कंपनीविरुद्ध न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं होतं, की दुरुस्ती झालेल्या गाड्याही इन्व्हर्टर बिघडून परत त्याच्या दारात येत आहेत. कंपनीने ते मानलं नाही. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये टोयोटाने २४ लाखांहून जास्त हायब्रीड गाड्या पुन्हा बोलावल्या. या त्याच गाड्या होत्या, ज्यांची २०१४ आणि २०१५ मध्ये दुरुस्ती ठरली होती. कारण असं, की आधीच्या उपायात एक परिस्थिती विचारात घेतली गेली नव्हती: गाडीने फेल-सेफ मोडमध्ये जायला हवं त्या क्षणी ती तिकडे न जाता सरळ बंद पडू शकते. २०२० मध्ये आणखी सुमारे साडेसात लाख गाड्यांसाठी असंच रिकॉल निघालं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. यंत्र बिघडणार, हे आपण धरून चालतो. पण बिघडल्यावर सांभाळून घेणारी सोयच ऐन वेळी दगा देऊ शकते, आणि ते कळायला चार वर्षं लागली. त्यामुळे "एकदा रिकॉलला जाऊन आलो, आता काय बघायचं" असं म्हणून चालत नाही.

आज भारतात विकल्या जाणाऱ्या हायब्रीडमध्ये हाच दोष आहे, असा याचा अर्थ अजिबात नाही. पण कोणत्याही हायब्रीडमध्ये ताकद सॉफ्टवेअर, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्या हातून जाते. आपल्याकडचा उन्हाळा, घाट आणि सात माणसं अधिक सामान भरून निघायची सवय यांचा भार शेवटी त्यांच्यावरच पडतो. बऱ्याच हायब्रीडमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते. तिच्यावर चादरी, पिशव्या, उशा रचल्या की बॅटरी तापते आणि गाडी ताकद कमी करते. आमच्या उज्जैनच्या फेरीत तिच्यासमोर काय होतं? फराळाची पिशवी.

खरंच बंद पडली तर

स्टिअरिंग घट्ट धरा आणि हॅझर्ड लाइट लावा. २०१८ च्या रिकॉलच्या वेळी टोयोटाने सांगितलं होतं, की त्या गाड्यांमध्ये ताकद गेली तरी पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक चालू राहतात. धोका आहे तो वेगात असताना मागून येणाऱ्या वाहनांचा. म्हणून जो वेग शिल्लक आहे तो वाया घालवू नका, त्याच वेगात आरसे बघत डाव्या बाजूला या. ब्रेक पुन्हा पुन्हा पंपासारखा मारू नका, एकदाच नीट दाबून धरा. आणि गाडी पुढे जात असताना घाबरून पॉवरचं बटण दाबू नका. ते दाबून धरलं, तर जे चालू आहे तेही बंद होईल.

थांबल्यावर माणसं आधी बाहेर काढा, तीही डाव्या दारांनी. हायवेवर गाडीत बसून मदतीची वाट बघणं सगळ्यात वाईट. रेलिंगच्या पलीकडे उभे राहा, मुलांचा हात सोडू नका. ट्रँगल गाडीपासून निदान ५० मीटर मागे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या नंबरवर मदत मिळते, आणीबाणीत ११२ आहेच.

एकदा 'पी' मध्ये टाकून, गाडी बंद करून, ब्रेक दाबून पुन्हा सुरू करून बघायला हरकत नाही. 'रेडी' आलं तर फक्त सुरक्षित जागेपर्यंत न्या. "झाली बुवा सुरू" म्हणत उरलेले दोनशे किलोमीटर मारायला जाऊ नका. बॉनेट उघडलंत तर नारिंगी वायरींना हात लावू नका, त्या जास्त व्होल्टेजच्या असतात.

आणि दोरी बांधून ओढणं विसरा. मागे एखादा ट्रॅक्टरवाला मदतीला थांबला आणि "टाका दोर" म्हणाला, तरी नाही म्हणा. बहुतेक हायब्रीडमध्ये चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होऊ लागते. बिघडलेल्या सिस्टीममध्ये ती वीज आणखी नुकसान करते. गाडी अख्खी ट्रकवर चढवून न्यायची, किंवा निदान मोटर जोडलेली चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. विमा कंपनीला फोन करताना "हायब्रीड आहे, फ्लॅटबेड पाठवा" हे स्पष्ट सांगा.

सर्व्हिस सेंटरला पोचायच्या आधी पेटलेल्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा. वेग किती होता, चढ होता का, एसी चालू होता का, हेही लिहून ठेवा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक छोट्या बॅटरीची वायर काढून दिवा घालवून देईल, पण त्यासोबत गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोडही पुसले जाऊ शकतात, आणि मग कंपनीचा माणूस म्हणेल, "सगळं नॉर्मल दिसतंय."

पत्ता बदललाय का?

भारतात १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं. हे सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहे, आणि कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीमालकाला वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्या आधी कंपन्या स्वेच्छेने रिकॉल करत आणि अजूनही करतात.

अडचण अशी, की रिकॉलचा निरोप कंपनीकडे असलेल्या पत्त्यावर आणि फोनवर जातो. गाडी नागपूरला घेतली, नोकरी बंगळुरूला लागली, नंबर बदलला, किंवा गाडी सेकंडहँड घेतली, की निरोप भलत्याच घरी पोचतो. यावर उपाय सोपा आहे. आरसी बुकवर १७ अक्षरांचा चेसिस नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की आपल्या गाडीचं रिकॉल आहे का ते दिसतं. दुरुस्ती फुकट असते. जुनी हायब्रीड विकत घेत असाल, तर सौदा करण्याआधी हे बघा, आणि जुनी रिकॉलची कामं पूर्ण झाल्याचा कागद मागा.

मामाने त्याच रात्री चेसिस नंबर टाकून पाहिला. काही निघालं नाही. मग आम्ही डिकी उघडली. ट्रँगल होता, पण फराळाच्या डब्यांच्या, सतरंजीच्या आणि दोन छत्र्यांच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. आजीने तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हे उभं कसं राहतं?" आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं अंगणात तो उभा करत बसलो होतो.