इसार आणि मार्जिन : इंडेक्स फ्युचर्सकडे वळण्यापूर्वी

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने शेअर बाजारावर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण एखाद्या शब्दाचा अर्थ नीट न कळल्याने माणूस कसा फसतो, हे तपासणं आमचंच काम आहे. इथे तो शब्द आहे ‘मार्जिन’.

घर घेताना आपण इसार देतो. व्यवहार मोडला, तर साधारणपणे तेवढा इसार जातो. नवखा माणूस मार्जिनलाही इसारच समजतो. आम्हीही तसंच समजलो होतो.

निफ्टी हा 50 कंपन्यांचा निर्देशांक. त्यावरचे फ्युचर्स राष्ट्रीय शेअर बाजारात जून 2000 पासून चालू आहेत. निर्देशांक काही घरी आणता येत नाही. म्हणून हिशोब रोखीने होतो, आणि तोही रोजच्या रोज. आजचा तोटा आजच खात्यातून वजा. पैसे कमी पडले तर भर घालायची, नाहीतर ब्रोकर सौदा बंद करतो. घसरण मार्जिनहून मोठी निघाली, तर वरचं देणंही आपल्याच डोक्यावर! म्हणजे मार्जिन हा इसार नव्हे, ते तारण आहे.

आकड्यांत पाहू. 2025 मध्ये निफ्टीचा एक लॉट 75 चा होता. निर्देशांक 24,000 धरला, तर सौदा 18 लाखांचा. मार्जिन समजा सव्वादोन लाख. निफ्टी फक्त एक टक्का, म्हणजे 240 अंक उतरला, की 18,000 रुपये गेले. निर्देशांकाचा एक टक्का, पण आपल्या पैशांचे आठ टक्के.

आता आमची गोष्ट. 3 जून 2024, मतदानोत्तर चाचण्यांनी बाजार उसळलेला. आम्ही बंद होता होता एक लॉट घेतला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि निफ्टी 1,379 अंकांनी खाली बंद झाला. तेव्हा लॉट 25 चा होता, म्हणून 34 हजारांच्या आसपास निभावलं. 75 चा असता, तर लाखाच्या वर गेले असते. सौ.नी रागावून काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “जास्तीत जास्त किती जाऊ शकले असते?” चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाकडे उत्तर नव्हतं.

आम्ही एकटेच असे नाही. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या 93 वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला.

तरीही ज्यांना शिकायचंच आहे, त्यांनी एवढं पाळावं.

पहिलं, मार्जिन किती ते नंतर बघा. आधी लॉटला निर्देशांकाने गुणा. लॉटचा आकडा वेळोवेळी बदलतो, तो बाजाराच्या संकेतस्थळावर पडताळा.

दुसरं, निदान तीन महिने सौदे वहीतच करा. दलाली आणि कर वजा करूनच नफा मांडा.

तिसरं, बाहेर कुठे पडायचं, ते आत शिरण्यापूर्वी लिहा. स्टॉप-लॉस लावा; पण बाजार रातोरात खाली उघडला, तर ठरवलेला भाव मिळेलच असं नाही. म्हणून निवडणूक निकाल, अर्थसंकल्प अशा दिवसांच्या आदल्या रात्री सौदा उघडा ठेवू नका.

चौथं, मार्जिनइतकीच आणखी रक्कम बाजूला असू द्या. ती कर्जाची किंवा औषधपाण्याची नको. आणि तोट्यात असताना सरासरी कमी करायला दुसरा लॉट घेऊ नका. त्याने जबाबदारी दुप्पट होते.

शेवटी, सौ.चा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. निफ्टी एका दिवसात सहा टक्के पडला, तर माझे किती जातील? तो आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवता येत नसेल, तर तो सौदा आपला नव्हे.