झाकण उघडता येणारे यंत्र

कुलूप कितीही भक्कम असले, तरी त्याची किल्ली कोणालाही बनविता आली तर त्याचा काय उपयोग? संगणकावरील गुप्त मजकुराचेही तसेच आहे. तेथील किल्ली म्हणजे ० आणि १ या अंकांची एक लांब माळ असते. बहुधा १२८ किंवा २५६ अंकांची. ही माळ कोणालाही ओळखता येऊ नये, यासाठी तिच्यातील प्रत्येक अंक नाणे उडवून काढल्यासारखा असावा लागतो. अशा अंकांना ‘यादृच्छिक अंक’ म्हणतात.

पण संगणक नाणे कसे उडविणार? तो तर नियमाने चालणारे यंत्र! समजा, त्याला नियम दिला : संख्येला २१ ने गुणा, १७ मिळवा आणि उत्तरातील शेवटचे दोन अंक ठेवा. ३७ पासून सुरुवात केली, तर पुढे ९४, ९१, २८, ०५ असे आकडे येतात. दिसायला ते अगदी विस्कळीत आहेत. परंतु ज्याला नियम आणि पहिला आकडा ठाऊक आहे, तो पुढचे सारे आकडे बिनचूक सांगेल. शिवाय शंभर पायऱ्यांनंतर ३७ पुन्हा येतोच.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. डेबियन या संगणक प्रणालीत २००६ साली फेरफार करताना यादृच्छिकता मिसळणारा भाग चुकून वगळला गेला. परिणामी एका प्रकारच्या संगणकावर, एका ठरावीक लांबीच्या, सुमारे ३२ हजारच निरनिराळ्या किल्ल्या तयार होऊ शकत. इतक्या किल्ल्या एकेक करून लावून पाहणे संगणकाला मुळीच कठीण नाही. ही चूक २००८ साली उघडकीस आली.

खरखरीचा उपयोग

खरी यादृच्छिकता हवी असेल, तर निसर्गाकडे जावे लागते. त्यासाठी २एन३९०४ सारखा साधा ट्रॅन्झिस्टर पुरतो. त्याचा कलेक्टर मोकळा ठेवून बेस आणि एमिटर यांमध्ये उलट दिशेने विद्युत् दाब द्यावयाचा. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडल्या की तो दाब मिळतो. ट्रॅन्झिस्टर जळू नये म्हणून वाटेत सुमारे १ लक्ष ओहमचा रोधक घालतात.

दाब पुरेसा वाढला की आतील एखादा इलेक्ट्रॉन वेगाने जाऊन अणूवर आदळतो आणि आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतो. तेही पुढे आदळतात. डोंगरावरून बर्फाचा लोट कोसळावा तसा हा प्रकार असतो. असा लोट नेमका कोणत्या क्षणी सुटेल हे कोणीही सांगू शकत नाही. त्यामुळे प्रवाहात सतत बारीक खरखर उमटते. ती वर्धकाने मोठी करावयाची आणि ठरावीक काळाने मोजावयाची. मधल्या पातळीच्या वर असेल तर १, खाली असेल तर ०.

अंकांची निवड

यंत्र पहिल्याच प्रयत्नात नीट चालत नाही. घरातील विजेच्या तारांचा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट त्यात शिरतो आणि अंकांना ताल येतो. म्हणून मंडल पत्र्याच्या डबीत ठेवतात. तपमान बदलले की मधली पातळी सरकते आणि १ जास्त पडू लागतात.

या दुसऱ्या दोषावर जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९५१ साली एक सुरेख उपाय सुचविला. अंकांच्या जोड्या पाडा. ०१ आल्यास ० लिहा, १० आल्यास १ लिहा. ०० आणि ११ टाकून द्या. समजा, १ येण्याची शक्यता ०.६ आहे. मग ०१ ची शक्यता ०.४ × ०.६ आणि १० ची ०.६ × ०.४, म्हणजे दोन्ही ०.२४! मात्र २०० अंकांतून सरासरी ४८ च हाती लागतात. तसेच एक अंक मागच्या अंकावर अवलंबून असेल, तर ही युक्ती फसते. म्हणून आधी गुणगुणाट काढणे भाग आहे.

भरवसा कशाचा?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? आज अनेक प्रोसेसरच असे अंक देतात. खरे आहे; पण ते बंद चिपमधून येतात. वर दिलेल्यासारखा, पण पुष्कळ अधिक गुंतागुंतीचा गुप्त नियम वापरून कोणी अंक पुरविले, तर संख्याशास्त्राच्या साऱ्या कसोट्या ते सहज पार करतील. ज्याला नियम ठाऊक, त्याला मात्र तुमच्या किल्ल्या उघड्या! नुसते अंक तपासून ही लबाडी सापडत नाही. अंक कोठून येतात हेच पाहावे लागते.

म्हणून काही जणांनी अशा यंत्रांचे आराखडे आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘वनआरएनजी’ या छोट्या यंत्रावरील पत्र्याचे झाकण काढता येते, ते आतील भाग आराखड्याशी ताडून पाहता यावेत म्हणूनच. आराखडा उघड केल्याने गुपित फुटत नाही. सुरक्षितता यंत्रणा लपविण्यात नसून किल्ली लपविण्यात असावी, हे केर्कहोफ्स याने १८८३ सालीच सांगितले होते. अर्थात खुल्या गोष्टीही कोणीतरी तपासाव्या लागतात. डेबियनही खुलीच होती, तरी चूक सापडायला दोन वर्षे लागली.

करून पाहा

थंड पेयाच्या बाटलीचे पत्र्याचे बूच २०० वेळा उडवा. उताणे पडल्यास १, पालथे पडल्यास ० लिहा. दोन्ही सारखे येतात का? आता जोड्यांची युक्ती वापरा आणि उरलेले अंक मोजा. वर्गातील प्रत्येकाने वेगळे बूच घेतले, तर कोणाच्या बुचातून जास्त अंक उरले आणि का, याचा शोध घेता येईल.