हृदयविकाराच्या निदानात लक्षणांचे महत्त्व

प्रस्तावना

वैद्यकशास्त्रात ‘लक्षण’ आणि ‘चिन्ह’ या संज्ञा भिन्न अर्थांनी वापरल्या जातात. रुग्णास स्वतःला जे जाणवते व जे तो शब्दांत सांगतो ते लक्षण. डॉक्टरांना तपासणीत जे आढळते ते चिन्ह. छातीतील वेदना, धाप, धडधड ही लक्षणे होत. पायांवरील सूज हे चिन्ह होय. ‘याची लक्षणे ठीक दिसत नाहीत’ असे व्यवहारात आपण दुसऱ्याविषयी म्हणतो. वैद्यकात मात्र लक्षण सांगण्याचा अधिकार रुग्णाचाच. म्हणजेच लक्षण हे मुख्यतः भाषेतून कळते. ती भाषा ऐकणाऱ्यास उमगली नाही तर काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हेबर्डन यांचे निरीक्षण

इ.स. १७६८ मध्ये विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने लंडनच्या वैद्यक महाविद्यालयात एका छातीच्या विकाराचे वर्णन सादर केले. ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर चालताना, छातीत असह्य आवळल्यासारखे होते आणि थांबताच ते नाहीसे होते, हे त्यांनी केवळ रुग्णांच्या सांगण्यावरून टिपले. या विकाराला त्यांनी ‘अँजायना पेक्टोरिस’ हे नाव दिले. मराठीत त्यास हृदयशूळ म्हणतात. या वेदनेचा हृदयाच्या रोहिण्यांशी असलेला संबंध त्यांना ठाऊक नव्हता, आणि ई.सी.जी. तर सव्वाशेहून अधिक वर्षे दूर होता. तरीही श्रमाने येणारी व विश्रांतीने शमणारी वेदना हा त्यांनी सांगितलेला निकष आजही प्रमाण आहे.

शब्दांचा प्रश्न

‘छातीत दुखते का?’ या प्रश्नास अनेक रुग्ण ‘नाही’ असे उत्तर देतात, आणि ते खरेच असते. त्यांना दुखत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, छाती भरून येते, आवळते, जीव घाबरा होतो. प्रश्नातला एकच शब्द असा आड येतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दाब, आवळणे व अस्वस्थता यांचा ‘छातीतील वेदना’ या संज्ञेत समावेश केला आहे. तसेच खांदा, हात, मान, जबडा, पाठ व पोटाचा वरचा भाग येथील त्रासही त्यात धरला आहे. हृदयाकडून येणाऱ्या संवेदनातंतू आणि छाती व हाताच्या आतील बाजूच्या त्वचेकडून येणाऱ्या संवेदनातंतू मज्जारज्जूच्या एकाच भागात शिरतात. त्यामुळे मेंदूला वेदनेचे मूळ ठिकाण नेमके ओळखता येत नाही व हृदयाचे दुखणे हातात जाणवते.

आपल्याकडे सर्वांत घातक ठरणारा शब्द, प्रस्तुत लेखिकेच्या मते, ‘गॅस’ हा आहे. हृदयाचा खालचा भाग मध्यपटलावर टेकलेला असतो. त्या भागास झटका आल्यास मळमळ, उलटी वा पोटाच्या वरच्या भागात जळजळ होऊ शकते. मग ओवा, सोडा किंवा ॲसिडिटीची गोळी यांत मोलाचा वेळ निघून जातो. मधुमेही व वृद्ध रुग्णांत वेदना सौम्य असते किंवा नसतेही. स्त्रियांत वेदनेसोबत धाप, अतिशय थकवा व मळमळ अधिक आढळते. घरकामाच्या दगदगीने थकवा आला असेल, असे घरातील माणसे म्हणतात आणि ती स्वतःही तेच म्हणते.

हृदय दुर्बल झाल्यावरच्या धापेबाबतही असेच घडते. ‘रात्री किती उशा घेता?’ हा पाठ्यपुस्तकी प्रश्न उशीविना झोपणाऱ्यास निरर्थक आहे. ‘आडवे झाल्यावर दम कोंडतो का, उठून बसावे लागते का?’ असे विचारल्यास उत्तर मिळते.

तपासणी आणि लक्षण

झटक्याच्या आरंभी काढलेला पहिला ई.सी.जी. सर्वसामान्य येऊ शकतो. रक्तातील ट्रोपोनिन वाढण्यासही काही तास लागू शकतात. अशा वेळी लक्षणांवर विसंबूनच रुग्णास थांबवून तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. याउलट उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचूनच वाढत राहतो. तेथे लक्षणाची वाट पाहणे व्यर्थ असून नियमित मोजणी हाच उपाय.

विश्रांती घेऊनही छातीतील दाब पंधरा-वीस मिनिटे टिकला, किंवा सोबत थंड घाम आला, तर तो झटका समजूनच हालचाल करावी लागते. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग साधारणतः १२ तासांपर्यंत होतो. मात्र सर्वाधिक लाभ पहिल्या दोन-तीन तासांतच होतो, कारण तेवढ्या अवधीत हृदयस्नायूचा बराच भाग वाचविता येतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका उपलब्ध आहे. तेथे बोलताना ‘गॅस झाला आहे’ असे निदान न सांगता रुग्णाला काय जाणवते, ते त्याच्याच शब्दांत सांगावे.