बिडाची कढई : घेताना आणि वापरताना

रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, हा आपल्याकडे घरोघरचा आजार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. जिना चढताना धाप लागते, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, मुलगी अभ्यासाला बसली की पेंगते. पण 'कामाचा शीण' म्हणून या तक्रारी अंगावर काढल्या जातात. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी लोहाची कमतरता हे त्यातले एक मोठे कारण आहे.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात भाजी लोखंडी कढईत होत असे आणि भाकरी लोखंडी किंवा बिडाच्या तव्यावर. कोकणात घावनासाठी आजही बिडाचा तवाच लागतो. पुढे ॲल्युमिनियम आले, स्टील आले, नॉनस्टिक आले आणि जड, काळी भांडी माळ्यावर गेली. त्यांच्याबरोबर जेवणातून येणारे थोडे लोहही गेले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातील लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातले अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढल्याचे त्यात दिसले. टोमॅटोसारखा आंबट, ओलसर पदार्थ जितका जास्त वेळ शिजेल तितके लोह त्यात जास्त उतरते. पुऱ्या किंवा भजी तळताना ते फारसे उतरत नाही.

आता खरेदीविषयी. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते साच्यात ओतून भांडे करतात, म्हणून ते जाड, जड आणि किंचित खरखरीत असते. पत्रा ठोकून केलेली लोखंडी कढई वेगळी. लोह दोन्हींतून मिळते, पण बीड उशिरा तापते आणि उष्णता धरून ठेवते, त्यामुळे पिठले किंवा भाजी खाली चटकन लागत नाही. हल्ली 'डच ओव्हन' या नावाने झाकणाचे जाड पातेले विकायला असते, तेही बिडाचेच. मात्र त्याला आतून चकचकीत काचेसारखा मुलामा असेल, तर त्यातून लोह मिळणार नाही. भांडे चांगले असते, पण आपला हेतू साधत नाही. काळा रंग फासलेली कढई घेऊ नये. नखाने खरवडून पपुद्रा निघाला तर तो रंग समजावा. आतून बोट फिरवून खड्डे पाहावेत, तळ सपाट आहे का ते पाहावे आणि उजेडात धरून बारीक चीर शोधावी. बीड कडक पण ठिसूळ असते. हातातून पडले तर तडकते, आणि तापलेल्या कढईत थंड पाणी ओतले तरीही. दोन कानांची, एका व्यक्तीला भरलेली उचलता येईल एवढीच कढई घ्यावी. मोठी दिसली म्हणून घेतलेली कढई मनगट दुखू लागले की पुन्हा माळ्यावर जाते, हा बऱ्याच घरांतला अनुभव आहे.

नवी कढई आणल्याबरोबर चुलीवर चढवू नये. कारखान्यातून येताना गंजू नये म्हणून तिला तेल किंवा मेण लावलेले असते. गरम पाणी आणि साबणाने ती दोन-तीन वेळा घासावी, पुसावी आणि मंद आचेवर पूर्ण कोरडी करावी. मग आतून, बाहेरून, कानांनाही तेलाचा हात फिरवावा. तेल करडईचे किंवा जवसाचे असेल तर उत्तम, नसल्यास शेंगदाण्याचे चालेल. यानंतरची गोष्ट महत्त्वाची : कोरड्या फडक्याने ते तेल जणू लावलेच नव्हते इतके पुसून काढावे. कढई मध्यम आचेवर धूर निघेपर्यंत तापवावी, खिडकी उघडी ठेवावी, धूर थांबला की गॅस बंद करून आपोआप निवू द्यावी. असे चार-पाच वेळा करावे. तापलेल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन त्याचा कडक, काळा थर बनतो. भांडे गंजू न देणारा आणि पदार्थ चिकटू न देणारा हाच तो थर. तेल जास्त राहिले तर थर चिकट होतो, त्याला वास येतो आणि सारी मेहनत वाया जाते.

सुरुवातीचे काही दिवस कांदा परतणे, तळण, थालीपीठ असेच पदार्थ करावेत. चिंच, कोकम, टोमॅटो लगेच घातले तर थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. थर पक्का झाल्यावर आंबट भाजी जरूर करावी, पण शिजली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढावी. आंबट पदार्थ लोखंडी भांड्यात साठवून ठेवू नयेत, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही सांगितले आहे. मेथी किंवा वांगे काळपट झाले तर घाबरू नये. भाजीतल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन तो रंग येतो.

कढईकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. कढई त्यात भर घालते, सगळी गरज भागवत नाही. कढई जुनी होऊन थर जाड होत जातो, तसे उतरणारे लोहही कमी होते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, किंवा गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याच घ्याव्या लागतात. कढई घेतली म्हणून गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. पानात लिंबाची फोड असावी आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, म्हणजे आलेले लोह अंगी लागते. उलट, थॅलेसेमियामुळे किंवा सिकलसेलमुळे ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असते. अशा रुग्णांचा स्वयंपाक लोखंडी भांड्यात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

रोज धुताना कढई पाण्यात भिजत ठेवू नये. धुऊन लगेच आचेवर कोरडी करावी आणि तेलाचे बोट फिरवून ठेवावी. पावसाळ्यात तर हे हवेच. तरीही तांबूस गंज चढला तर कढई टाकून देण्याचे कारण नाही. तारेच्या घासणीने गंज काढून पुन्हा तेल लावून तापवली की ती पूर्ववत होते. अशा कढईतले खाल्ल्याने धनुर्वात होतो, ही भीती निराधार आहे. धनुर्वाताचे जंतू जखमेतून शिरतात, जेवणातून नव्हे.