एकावर एक सक्ती

पावसाची सुरुवात बरी झाली, की राहुरीत खताच्या दुकानांपुढे गर्दी होते. ऊस असो, कपाशी असो, युरिया हवाच. ४५ किलोच्या गोणीची किंमत सरकारने बांधून दिली आहे : २६६ रुपये ५० पैसे. पण गोणीबरोबर सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी किंवा नॅनो युरियाची बाटलीही घ्यावी लागते, ही तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याच तालुक्याला नवी नाही. ‘लिंकिंग’ हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी रुळला तो असा. विक्रेता सांगतो, वरून मालच असा येतो.

असे लिंकिंग मायक्रोसॉफ्टने पोरांच्या खेळण्यात करून पाहिले, आणि ते तिच्या अंगाशी आले.

२०१० साली या कंपनीने ‘किनेक्ट’ नावाची पट्टी बाजारात आणली. टीव्हीसमोर ठेवायची, तिच्यातला कॅमेरा आणि अवरक्त किरण समोरच्या माणसाची हालचाल टिपणार. हातात काहीही न धरता खेळा. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग खपले. लोकांनी ते हौसेने घेतले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘एक्सबॉक्स वन’ आला तेव्हा मात्र किनेक्ट खोक्यातच घातलेले होते, नको म्हणायची सोय नाही. किंमत ४९९ डॉलर. सोनीने आपल्या ‘प्लेस्टेशन ४’चा कॅमेरा वेगळा विकायला ठेवला आणि यंत्र ३९९ डॉलरला दिले.

कंपनीचा हिशेब अगदीच खुळा नव्हता. घरोघरी किनेक्ट असेल, तरच त्याच्यासाठी खेळ लिहिणारे पुढे येतील. पण आधी तर ते जोडल्याशिवाय यंत्र चालणारच नाही, अशी अट होती. त्याच सुमारास, जून २०१३ मध्ये, अमेरिकी सरकारच्या पाळतीची प्रकरणे बाहेर आली. दिवाणखान्यात कान टवकारून बसलेले यंत्र कोणाला रुचणार? ऑगस्टमध्ये अट गेली, सक्तीची खरेदी राहिली. जून २०१४ मध्ये तीही गेली. किनेक्टविना यंत्र ३९९ डॉलरला मिळू लागले. भारतात सप्टेंबर २०१४ मध्ये ते आले ते दोन किमतींत : ३९,९९० रुपये आणि किनेक्टसह ४५,९९०. २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादनच थांबले.

वस्तू वाईट नव्हती हो! संशोधकांनी पुढे हीच पट्टी गाईंची अंगकाठी आणि रोपांची वाढ मोजायला वापरली. सूक्ष्म अन्नद्रव्येही वाईट नाहीत. मातीपरीक्षणात जस्त कमी निघाले तर ते घालावेच. राहुरीत तर महात्मा फुले कृषी विद्यापीठच आहे. पण गळ्यात मारलेली पिशवी माती पाहून येत नाही.

मायक्रोसॉफ्टला सात महिन्यांत शहाणपण सुचले, कारण गिऱ्हाइकाला सोनीचे दुकान उघडे होते. पीक पिवळे पडू लागलेल्या शेतकऱ्याने युरियासाठी कुठे जावे? पुढच्या दुकानातही तीच पिशवी. कायदा नाही असे नाही. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यात अशी बांधील विक्री नोंदवलेली होती, २००२ च्या स्पर्धा कायद्यातही आहे, आणि लिंकिंग करू नका असे सरकारही वेळोवेळी बजावते. पण बिलावर दोन वस्तू दोन ओळींत लिहिलेल्या असतात, जणू गिऱ्हाइकाने दोन्ही मागितल्या. तक्रार घेऊन जाणाऱ्याच्या हातात पुरावा असतो तो एवढाच.