पाट तुडुंब, वाफा कोरडा

गळा सुजला, छातीत धडधडू लागले आणि रक्ताच्या तपासणीत थायरॉईडचे हार्मोन वाढलेले निघाले, की घरात बोलणे सुरू होते : ग्रंथी बिघडली, काढून टाका. बहुतेक वेळा ग्रंथीच जादा काम करीत असते, हे खरे. पण काही घरांत दोष तिचा नसतोच.

हे हार्मोन रक्तातून अंगभर फिरते. पेशीत ते झेलणारे एक प्रथिन असते, त्याला रिसेप्टर म्हणतात. त्यातल्या 'बीटा' जातीच्या रिसेप्टरचा जनुक आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्यात खोट असली की हार्मोन येऊनही काम होत नाही. दारे धरणाऱ्याला हे लगेच उमगेल : पाट तुडुंब, पण वाफ्याचे दार अडकलेले. मेंदूच्या तळची पियुषिका ग्रंथीही याच रिसेप्टरवर हार्मोनचा अंदाज घेते. तिला वाटते, पाणी कमीच आहे. मग ती टीएसएच पाठवून थायरॉईडला आणखी राबवते आणि गलगंड होतो. हृदयात मात्र मुख्यतः 'आल्फा' रिसेप्टर असतो, तो शाबूत. म्हणून यकृत सुस्त आणि काळीज धावते, असा विचित्र प्रकार!

१९६७ साली डॉ. सॅम्युएल रेफेटॉफ व सहकाऱ्यांनी असे पहिले कुटुंब नोंदवले. आईवडील एकमेकांच्या नात्यातले. मुले मूकबधिर, गळ्याला गलगंड, रक्तात हार्मोन भरपूर, पण अंगावर त्याची खूण नाही. या मुलांना बीटा जनुक आईकडूनही मिळाला नव्हता आणि बापाकडूनही नाही, हे पुष्कळ वर्षांनी कळले. इतर बहुतेक घरांत मात्र एकाच पालकाचा बिघडलेला जनुक पुरतो, कारण बिघडलेले प्रथिन चांगल्याच्याही आड येते. तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

विकार विरळा, सुमारे ४० हजारांत एकाला. पण ओळखू आला नाही आणि ग्रंथी काढली, तर कोरड्या वाफ्याचा पाटही बंद होतो आणि जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. खूण तपासणीच्या कागदावरच असते. ग्रंथी आपणहून जादा काम करीत असेल तर टीएसएच अगदी तळाला जातो. इथे हार्मोन वाढूनही तो खाली जात नाही. पियुषिकेत गाठ असली तरी असेच दिसते, तेव्हा निवाडा डॉक्टरांनीच करायचा. त्यांच्याकडे जाताना आईवडील, भावंडे यांचेही जुने कागद न्यावेत. अनेकांना उपचार लागतही नाहीत. धडधड फार असेल तर तेवढ्यापुरती गोळी देतात.